दप्तराची यादी आणि मूक पालक

मे महिना सरत आला की मुंबईच्या उपनगरांतील बाजारपेठा आपले रूप पालटतात. बोरिवलीचा लोकमान्य टिळक मार्ग, मुलुंडचा झवेर रोड, घाटकोपरचा महात्मा गांधी मार्ग, अंधेरी पश्चिमेचा जयप्रकाश मार्ग, सर्वत्र आंब्याच्या पेट्या मागे सरतात आणि त्यांच्या जागी दप्तरे, डबे, छत्र्या व रेनकोट लटकू लागतात. या गर्दीत हातात कागद धरून, अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवीत, उभा असलेला पालक दिसतो. शाळेने दिलेली साहित्याची यादी तो दुकानदाराकडून समजून घेत असतो. घरात पदवीधर आई आहे, कचेरीत हिशेब तपासणारे वडील आहेत, आयकराचे विवरणपत्र ते स्वतः भरतात. पण दुसरीतल्या मुलीच्या यादीपुढे दोघांचेही चालत नाही. 'इंटरलीफ' वही म्हणजे एक पान कोरे आणि एक पान रेघांचे, हे त्यांना अखेर दुकानातला नोकर सांगतो.

हा थट्टेचा विषय वाटेल. दरवर्षी आठ-दहा दिवस कुरकुर होते, खरेदी होते आणि शाळा सुरू झाली की सारे विसरले जाते. परंतु ज्या कागदामुळे लक्षावधी कुटुंबांचा एका महिन्याचा घरखर्च विस्कटतो आणि ज्याच्यामुळे सात वर्षांच्या मुलाच्या पाठीवरील वजन ठरते, तो कागद कोण लिहितो, कशाच्या आधारे लिहितो आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारता येतो, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरांना ठाऊक नसतात. यादी समजत नाही, ही पालकांची अडचण आहेच. पण ती समजावी अशी लिहिलेलीच नसते, हे त्याहून महत्त्वाचे.

एखादी यादी नीट वाचून पाहावी. वह्या बारा, असे लिहून शाळा थांबत नाही. त्यांतील चार एकरेघी, दोन दुरेघी, दोन चौरेघी, दोन चौकटींच्या, एक चित्रकलेची आणि एक इंटरलीफ. चौकटी एक सेंटिमीटरच्या की दोन, हे कोठे लिहिलेले असते, कोठे नसते. वही 'लाँग बुक' हवी की लहान आकाराची, हे दुसऱ्या पानावरील तळटीपेत. पानांची संख्या यादीत दोनशे. दुकानातील वहीवर एकशे बहात्तर किंवा एकशे ब्याण्णव, आणि त्या संख्येत मुखपृष्ठही धरलेले. मग दोनशे पानी मागणारी शाळा एकशे ब्याण्णव पानांची वही स्वीकारील का? दुकानदार म्हणतो, 'चालते.' शाळा काय म्हणेल ते पहिल्या दिवशी कळणार. त्यानंतर तपकिरी कागदाचे वेष्टन, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, ठरावीक आकाराचे नावाचे लेबल. पुढे बटणाची फाइल, पट्टीची फाइल, कार्डशीटचे रंगीत कागद, घोटीव कागद, तेलखडू, मेणखडू, डिंकाची कांडी आणि कोऱ्या कागदांचे एक अख्खे रीम. त्यापुढे गणवेशाचा अध्याय: नेहमीचा गणवेश, कवायतीचा गणवेश, गटाच्या रंगाचा टी-शर्ट, काळे बूट, पांढरे बूट. ऐन जूनमध्ये काळे चामडी बूट घेतले जातात आणि दुसऱ्याच आठवड्यात सूचना येते की पावसाळ्यात सँडल चालतील. पाऊस संपेपर्यंत मुलाचा पाय वाढलेला असतो.

त्यात पुन्हा मंडळामंडळांचे भेद. उपनगरातील एकाच इमारतीत राज्य मंडळाच्या, केंद्रीय मंडळाच्या आणि आणखी एखाद्या मंडळाच्या शाळेत जाणारी मुले नांदतात. एका घरात यादी मार्चमध्ये येते, कारण त्या शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शेजारच्या घरात ती जूनमध्ये येते. एकीकडे पुस्तके 'बालभारती'ची, दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची, तिसरीकडे खासगी प्रकाशकांची. पूर्वी शेजारच्या ताईची पुस्तके आपसूक खालच्या इयत्तेतल्या मुलाकडे येत. आज शेजारच्या ताईचे मंडळ वेगळे असते आणि मंडळ एकच असले तरी खासगी प्रकाशकाची आवृत्ती बदललेली असते. शेजाऱ्याचा अनुभव शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नाही, ही या गोंधळातली सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल. कारण त्यामुळे प्रत्येक कुटुंब दुकानासमोर एकटे उभे राहते.

हे एकटेपण फार जुने नाही. ज्यांचे शिक्षण साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, दादर वा पार्ल्याला झाले, त्यांच्या घरी यादी नावाची वस्तूच नव्हती. वर्गशिक्षक फळ्यावर चार ओळी लिहीत आणि मुले त्या उतरवून घेत. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, सर्व शाळांत एकच पुस्तक आले आणि अर्ध्या किमतीत जुनी पुस्तके घेण्या-देण्याची एक अलिखित व्यवस्था घराघरांत रुजली. मे महिन्याच्या दुपारी गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून, दाभण व जाड दोऱ्याने शिवून त्यांची 'रफ वही' करणे हा बहुतेक मराठी घरांतील सुटीचा उद्योग होता. कंपासपेटी थोरल्याकडून धाकट्याकडे जाई. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात शाईपासून सुरू केलेला उद्योग पुढे 'कॅमल' या नावाने घरोघरी पोहोचला, तो काही दरवर्षी नवी पेटी घेतली जाई म्हणून नव्हे. एकदा घेतलेली पेटी पाच-सहा वर्षे टिके म्हणून त्या नावाला पत होती. हा सारा काळ सुवर्णयुगाचा होता असे भासविण्याचे कारण नाही. अनेक मुलांना तेवढेही मिळत नव्हते. पण जे लागते ते घरातील प्रत्येकाला कळत होते आणि ते घरातच भागविण्याची मोकळीक होती.

मग आजची यादी इतकी दुर्बोध का झाली? शाळांना लुटारू ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि दुकानापुढच्या रांगेत तसे बोललेही जाते. प्रत्यक्षात यादी कशी तयार होते हे पाहिले तर बहुधा त्यात कट आढळत नाही, आढळते ती अनास्था. कार्यालयातील लिपिक गेल्या वर्षीची यादी उघडतो. गणिताच्या शिक्षिका चौकटींच्या वह्या एकऐवजी दोन करतात, कारण गेल्या वर्षी एक वही जानेवारीत संपली होती. चित्रकलेचे शिक्षक तेलखडू वाढवितात. संगणकाच्या विषयासाठी एक फाइल येते. एखाद्या वर्षी एखाद्या उपक्रमासाठी मागविलेली वस्तू उपक्रम बंद झाल्यावरही यादीत राहते. यादीत भर घालण्याचा अधिकार अनेकांना असतो, वगळण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. त्यामुळे ती दरवर्षी माळ्यावरच्या अडगळीसारखी वाढत जाते. जो लिहितो त्याला पैसे मोजायचे नसतात, जो मोजतो त्याला विचारले जात नाही आणि जिच्या पाठीवर हे सारे जाते ती मुलगी सात वर्षांची असते.

शिक्षकांची बाजूही येथे ध्यानात घेतली पाहिजे. पन्नास-साठ मुलांच्या वह्या तपासायला घरी नेणाऱ्या शिक्षिकेने सर्व वह्या एका आकाराच्या मागितल्या, तर तिचे म्हणणे अवाजवी नाही. वेष्टनाचा रंग विषयवार वेगळा असेल तर लहान मुलाला वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरता येते, हेही खरे. विशिष्ट खडूचा आग्रह कधीकधी सुरक्षिततेपोटी असतो. सबळ कारणे असतात. फक्त ती शिक्षकाच्या मनात राहतात, कागदावर येत नाहीत. 'दोन सेंटिमीटर चौकट' या शब्दांपुढे 'अंकलेखनासाठी, पहिल्या सत्रापुरती' एवढे चार शब्द आले, तर पालकाचा निम्मा गोंधळ संपतो. आणि ज्या वस्तूपुढे असे चार शब्द लिहिता येत नाहीत, ती वस्तू यादीत कशाला, हा प्रश्न शाळेलाच पडेल. केव्हा लागणार, हेदेखील कोठे सांगितलेले नसते. दिवाळीनंतरच्या हस्तकलेसाठी लागणारा घोटीव कागद जूनच्या पगारातून घ्यावा लागतो आणि ऑक्टोबरपर्यंत तो चुरगळून फेकलेला असतो.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल केलेले भाषण गाजले. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्रात उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये असे ठरविले. तरीही पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरला सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची किमान सोळा पुस्तके-वह्या, पाच ते सात किलो वजन आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, एवढेच त्यांचे निवेदन होते. मोठ्यांच्या समित्यांना जे तीस वर्षांत नेमके सांगता आले नाही, ते या मुलांनी दोन वाक्यांत सांगितले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने इयत्तानिहाय मर्यादाच घालून दिली. पहिली-दुसरीसाठी दीड किलो, तिसरी ते पाचवीसाठी दोन ते तीन किलो, सहावी-सातवीसाठी चार, आठवी-नववीसाठी साडेचार आणि दहावीसाठी पाच किलो. त्याच सूचनेत आणखी एक वाक्य होते, जे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही: मुलांना जादा पुस्तके वा जादा साहित्य आणण्यास सांगू नये. २०२०च्या शालेय दप्तर धोरणाने दहा टक्क्यांचा निकष पुन्हा अधोरेखित केला. वजनाचा नियम शाळेच्या दाराशी मोजला जातो, म्हणजे मोजला गेलाच तर. पण दप्तर जड होते ते दाराशी नव्हे, मेमध्ये यादी छापली जाते तेव्हा. बारा वह्यांची यादी देऊन मग दीड किलोची अपेक्षा करणे म्हणजे हौद भरून घेऊन पाणी कमी का नाही म्हणून विचारणे होय.

'बालभारती'चा अलीकडचा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. २०२३-२४ या वर्षापासून प्राथमिक इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतच पाठांना जोडून कोरी पाने देण्यात आली. मुलांनी नोंदी तेथेच कराव्यात, वेगळी वही आणू नये, गरीब मुलांचा वह्यांचा खर्च वाचावा आणि दप्तर हलके व्हावे, हा हेतू स्तुत्य होता. पुस्तके भागांत विभागली गेली, म्हणजे रोज सर्व पुस्तके वाहून नेण्याचे कारण उरले नाही. पण शाळांनी वह्यांची यादी मागे घेतली नाही. मुले कोऱ्या पानांची पुस्तकेही आणत राहिली आणि वह्याही. वजन घटलेच नाही. अखेर जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेतला आणि २०२५-२६ पासून कोरी पाने वगळली. पुस्तक बदलले होते, यादी बदलली नव्हती. राज्यव्यापी निर्णयही शाळेच्या कार्यालयातील त्या जुन्या कागदापुढे हरला, एवढी त्या कागदाची ताकद आहे.

आता यादीचा दुसरा पदर. अनेक ठिकाणी यादी वाचण्याचे कष्टच नकोत म्हणून शाळा वा तिने नेमलेला विक्रेता संपूर्ण संच बांधून देतो. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना ही सोय वाटते आणि तिला केवळ दोष देऊन चालणार नाही. चर्चगेटहून वा ठाण्याहून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या माणसाने दहा दुकाने कशी फिरावीत? परंतु संचात प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी दिलेली नसते. घरात गेल्या वर्षीची कात्री, पट्टी, रंगपेटी चांगल्या अवस्थेत असली तरी संचातून ती वगळता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्रे, खडू यांवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. दप्तर, बूट व गणवेश यांवर तो कायम आहे. सुट्या खरेदीत पालकाला हा फरक बिलावर तपासता येतो. संचात करकपातीचा लाभ आपल्याला मिळाला की वाटेत कोणी ठेवून घेतला, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

ठरावीक दुकानातून खरेदीची सक्ती करू नये, हे शिक्षण विभागाच्या परिपत्रकांतून शाळांना अनेकदा बजावले गेले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही एप्रिल २०१७ मध्ये शाळांनी पुस्तके, गणवेश यांच्या विक्रीची दुकाने चालवू नयेत असे कडक शब्दांत कळविले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परिषदेची पुस्तके व लेखनसाहित्य यांच्यापुरती सवलतही दिली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू वा सेवा हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे हा निर्बंधित व्यापारव्यवहार मानला आहे. शिक्षण ही सेवा आहे की नाही हा न्यायालयांतील वाद बाजूला ठेवला, तरी तत्त्व स्पष्ट आहे. पण सक्ती आज कोणी लेखी करीत नाही. बोधचिन्ह छापलेल्या वह्या एकाच दुकानात मिळतात, गटाच्या रंगाची नेमकी छटा एकाच दुकानात असते. जे इतरत्र मिळतच नाही, त्याची सक्ती करण्याची गरज कोणाला?

या सर्वांत ज्यांची अवस्था सर्वाधिक बिकट होते, त्यांचा आवाज कोठेही ऐकू येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमान्वये खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. सोडतीत नाव लागल्यावर घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत किंवा बोरिवली पूर्वेच्या चाळीत त्या दिवशी पेढे वाटले जातात. शुल्क माफ होते. त्यानंतर यादी हाती पडते, आणि ती माफ नसते. अशा प्रवेशांत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य व गणवेशही मोफत असावेत, ही कल्पना केंद्राच्या २०१०च्या नियमावलीत स्पष्ट मांडलेली आहे. पण प्रत्यक्षात रिक्षाचालक वा घरकाम करणारी आई शाळेच्या खिडकीशी हा नियम सांगून वाद घालील, ही अपेक्षा अवास्तव आहे. ती उसने घेते. आणि जी वस्तू परवडली नाही, ती नसल्याची शिक्षा वर्गात त्या मुलाला भोगावी लागते: 'तुझी वही वेगळी का?' त्या मुलाला शाळेत समरस होता यावे म्हणून राज्याने कायदा केला आणि एका तेलखडूच्या पेटीने त्याला वेगळे पाडले.

याउलट मुंबई महानगरपालिकेच्या शाळांकडे पाहावे. तेथे मुलांना सत्तावीस शालोपयोगी वस्तू देण्याची योजना आहे. वाटपाला उशीर झाल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या, रेनकोटची वाट पाहत पावसाळा सरल्याचेही प्रसंग घडले, आणि त्यावर टीका होणे योग्यच होते. तथापि एक गोष्ट तेथे सरळ आहे. यादी लिहिणारा आणि पैसे देणारा एकच असल्यामुळे यादीला सीमा आहे. सत्ताविसाची अठ्ठावीस करायची तर पालिकेला तिजोरी उघडावी लागते. खासगी शाळेला यादीत एक ओळ वाढविण्यासाठी काहीच उघडावे लागत नाही.

परदेशांतही हा प्रश्न सुटलेला नाही, मात्र तो सार्वजनिक चर्चेचा झाला आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधारे दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळेची खूण असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवाव्यात आणि वापरलेला गणवेश पालकांना मिळण्याची सोय असावी, असे सांगितले आहे. जपानमध्ये पाठीवरची भक्कम दप्तरे हा संस्कृतीचा भाग मानला जातो; तेथील शिक्षण मंत्रालयानेही सप्टेंबर २०१८ मध्ये, रोज न लागणारी पुस्तके मुलांना शाळेतच ठेवू द्यावीत असे शाळांना कळविले. शिस्तीबद्दल ख्यात असलेल्या देशालाही हे सांगावे लागले, यात आपल्याला थोडा दिलासा आहे.

पालकांचा वाटाही मान्य केला पाहिजे. दुकानात शाळेच्या यादीवर चिडणारा पालक त्याच दुकानात कार्टूनचे चित्र असलेले, तिप्पट किमतीचे दप्तर मुलाच्या हट्टाखातर घेतो. गेल्या वर्षीचा डबा उत्तम असताना नवा घेतला नाही तर मुलाला कमीपणा वाटेल, ही भीती मुलापेक्षा आईवडिलांनाच अधिक असते. भ्रमणध्वनीवरील पालकांच्या गटात यादीवर शंभर संदेश पडतात. पण शाळेच्या सभेत मुख्याध्यापक 'काही प्रश्न?' म्हणून विचारतात तेव्हा सभागृह शांत असते. आपण बोललो तर शिक्षक मुलावर राग काढतील, या समजापुढे सुशिक्षित माणसे गप्प बसतात. हा समज बहुतेकदा निराधार असतो. एकट्या पालकाच्या बाबतीत तो पूर्णपणे निराधार नसेलही. चाळीस पालक एकत्र बोलले तर राग कोणावर काढणार?

एकत्र येऊन खरेदी करणे उपनगरांना नवे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी उभारलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आकाराला आली. सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही या कामात आरंभापासून होते. पाच-पंचवीस कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, माल घाऊक आणावा आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात तो वाटून घ्यावा, ही तिची वितरण पद्धत विलेपार्ल्यापासून मुलुंडपर्यंत असंख्य घरांनी वर्षानुवर्षे अनुभवली. तांदूळ-डाळ ज्यांनी अशी घेतली, त्यांच्या नातवंडांच्या वह्या अशा घेण्यात अडचण ती कोणती? एका शाळेच्या, एका इयत्तेच्या तीस पालकांनी यादी एकत्र केली आणि दोघांनी अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारात एक सकाळ घालविली, तर किंमत उतरतेच. शिवाय यादीतील कोणती वस्तू अनावश्यक आहे यावर तीस घरांत बोलणे होते. हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा.

वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही येथे करण्याजोगे बरेच आहे. जूनमध्ये वह्यावाटपाचे कार्यक्रम उपनगरांत ठिकठिकाणी होतात, छायाचित्रे निघतात. त्या वह्या ज्या मुलाला मिळतात त्याच्या शाळेच्या यादीत त्या बसतात का, हे विचारले जातेच असे नाही. एकरेघी वह्यांचा गठ्ठा हाती आलेल्या मुलाला चौकटीची वही पुन्हा विकत घ्यावी लागते. वाटपाआधी वस्तीतील मुलांच्या याद्या गोळा करण्याचे काम मेमध्येच झाले पाहिजे. त्याचबरोबर एप्रिलमध्ये, निकालाच्या दिवशीच, पुस्तके व गणवेश परत घेणारी पुस्तकपेढी प्रत्येक मोठ्या संकुलात सहज उभी राहू शकते. जुनी पुस्तके घ्यायला माटुंग्याच्या पदपथापर्यंत जाण्याची गरज उरणार नाही. मात्र ती इयत्ता व मंडळ यांनुसार लावलेली हवी. नुसता ढीग म्हणजे पुस्तकपेढी नव्हे, ती रद्दी.

यादीचा मूळ कागद बदलण्याची जागा मात्र शाळेतच आहे आणि ती कायद्याने पालकांना दिलेली आहे. २०११च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियमाप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने निवडला जातो. समितीचे मुख्य काम शुल्काला मान्यता देण्याचे असले, तरी यादीचा विषय तेथे मांडण्यास कोणाचाही अटकाव नाही. अनेक शाळांत या सोडतीसाठी नावे देणारेच कमी असतात. कारण त्या सुमारास खरेदी उरकलेली असते आणि रागही ओसरलेला असतो.

नेमकी तीच वेळ महत्त्वाची आहे. पुढच्या वर्षीची यादी मेमध्ये ठरत नाही. प्रकाशकांचे प्रतिनिधी व विक्रेते हिवाळ्यातच शाळांकडे येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत संच ठरलेला असतो. जूनमध्ये दुकानासमोर केलेली तक्रार म्हणून नेहमीच उशिरा पोहोचते. जुलैच्या पहिल्या सभेत तीन मागण्या नोंदवून घ्याव्यात: प्रत्येक वस्तूपुढे कारण व लागण्याचा महिना लिहावा, संचातील वस्तूंच्या किमती सुट्या दाखवाव्यात आणि मोफत प्रवेशाच्या मुलांचे साहित्य शाळेने द्यावे. डिसेंबरच्या सभेत, यंदाच्या यादीतील कोणत्या वस्तू न वापरता कपाटात पडून आहेत, याची मोजदाद वर्गशिक्षकांसह करावी. त्यासाठी घरातील एका खणाची तपासणी पुरेशी आहे. अर्धवट भरलेल्या वह्या, न उघडलेली घोटीव कागदाची पाकिटे, पट्टीच्या फायली त्या खणात असतातच. त्या पिशवीत घालून सभेला न्याव्यात.